घराण्याचं नाव नसलेला साधू: ओरियाकचा झेर्बेर

उत्तररात्र

इ. स. ९९९ च्या एप्रिलमध्ये एक बेनेडिक्टाइन साधू दुसरा सिल्व्हेस्टर हे नाव घेऊन पोप झाला. आज ज्याला फ्रान्स म्हणतात त्या भूमीतून त्या गादीवर बसलेला हा पहिला माणूस. त्याचं मूळ नाव झेर्बेर. आईवडिलांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत. त्या काळात मोठ्या बिशपच्या आसनावर बसायचं तर बहुधा पाठीशी एखाद्या काउंटचं किंवा ड्यूकचं घराणं लागे. याच्यापाशी ना घराणं होतं, ना जमीनजुमला. तरी तो मठाधिपती झाला, दोन शहरांचा आर्चबिशप झाला आणि अखेर पोप. हे कसं जमलं ते मला नीट मांडायचं आहे. झेर्बेरवर जे लिहिलं जातं त्यात सैतानाशी केलेला करार आणि बोलणारं पितळी मुंडकं यांचीच गर्दी फार असते, आणि खरा माणूस त्यामागे झाकून जातो.

त्याचा जन्म साधारण ९४५ ते ९५० च्या दरम्यान, ओव्हेर्न्य प्रांतात. डोंगराळ, गुराढोरांचा मुलूख. तिथल्या ओरियाक गावी नवव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड नावाच्या काउंटने मठ उभारला होता. झेर्बेर लहानपणापासून त्याच मठात वाढला, असं त्याचा शिष्य रिशे सांगतो. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिची ७३ प्रकरणं आहेत. मुलं मठाला वाहण्याबद्दल तिच्यात एक प्रकरण आहे, आणि त्यात श्रीमंतांच्या मुलांबरोबर गरिबांच्या मुलांचाही उल्लेख येतो. आणखी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: मठातला मान जन्मावर किंवा वयावर ठरत नाही, तुम्ही कधी दाखल झालात त्यावर ठरतो. बाहेरच्या जगात ज्या मुलाला कोणी दारात उभं केलं नसतं, त्याला इथे रांगेत स्वतःची जागा होती. आणि हाती पोथी होती! उपवासाच्या चाळीस दिवसांत प्रत्येक साधूला एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावा, हेही नियमावलीतच आहे.

ओरियाकला रेमों नावाच्या साधूने त्याला लॅटिन व्याकरण शिकवलं. झेर्बेर पुढे कुठेही असला तरी या गुरूला पत्रं लिहीत राहिला. जे काही येतं ते तुमच्यामुळे, असं त्याने मोठ्या पदांवर पोचल्यावरही लिहिलं आहे. ही पत्रं वाचताना हा माणूस मला सगळ्यात जवळचा वाटतो.

९६७ च्या सुमारास बार्सिलोनाचा काउंट बोरेल ओरियाकला आला. मठाधिपतींनी त्याला विचारलं, तुमच्याकडे विद्येत पारंगत माणसं आहेत का? आहेत, म्हणताच त्यांनी आग्रह धरला की आमचा एक मुलगा शिकायला घेऊन जा. निवड झाली झेर्बेरची. कातालोनियात विक इथल्या बिशप आट्टोच्या हाताखाली तो मुख्यतः गणित शिकला. जवळच रिपॉलचा मठ आणि त्याचं ग्रंथालय होतं, आणि पलीकडे कोर्दोबाच्या खलिफांचं राज्य. तो स्वतः कोर्दोबाला जाऊन आला असं नंतरच्या लेखकांनी लिहिलं. रिशे मात्र फक्त आट्टोचं नाव घेतो, आणि मी रिशेच्या बाजूने आहे.

तीनेक वर्षांनी बोरेल आणि आट्टो रोमला निघाले तेव्हा त्यांनी झेर्बेरला बरोबर नेलं. पोप तेराव्या जॉनने या मुलाची हुशारी हेरली आणि जर्मनी आणि इटलीचा सम्राट पहिला ओट्टो याच्या कानावर घातली, कारण संगीत आणि खगोल शिकवणारं इटलीत तेव्हा कोणी उरलं नव्हतं. सम्राटाने विचारल्यावर झेर्बेरचं उत्तर होतं: गणित मला पुरेसं येतं, तर्कशास्त्र शिकायचं आहे. दरबारात राहायची संधी समोर असताना तो फ्रान्समधल्या रँस शहराच्या गेरान नावाच्या आर्चडीकनबरोबर (आर्चबिशपच्या हाताखालचा अधिकारी) उत्तरेकडे गेला. करार सरळ होता. गेरानने तर्कशास्त्र शिकवायचं, झेर्बेरने गणित. गेरानला संगीतातलं गणित झेपेना आणि त्याने ते सोडून दिलं. झेर्बेरने तर्कशास्त्र सोडलं नाही.

आता रँस. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

रँसचा आर्चबिशप आदाल्बेरों याने ९७२ च्या सुमारास त्याला आपल्या विद्यापीठावर नेमलं. विद्यापीठ म्हणजे कॅथेड्रलला जोडलेली शाळा. रिशेने तिथल्या शिकवण्याचं जे वर्णन केलंय ते तपशिलांनी भरलेलं आहे. आधी तर्कशास्त्राचे ग्रंथ, मग व्हर्जिल, टेरेन्स, होरेस, जुव्हेनाल असे कवी, कारण भाषेवर पकड आल्याशिवाय वक्तृत्वाकडे वळायचं नाही. त्यानंतर अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. संगीतातले स्वर तो एकतारी यंत्रावर दाखवायचा: तार कुठे दाबली की कोणता स्वर, आणि त्या लांबींचं गुणोत्तर किती. खगोलासाठी त्याने भरीव लाकडी गोल केले, ध्रुवांशी कलते धरले आणि त्यांवर तारे मांडले. आणखी एका गोलाला त्याने नळ्या बसवल्या. एका नळीतून एक ओळखीचा तारा नेमका धरला, की ज्याला आकाशातलं काही कळत नाही असा विद्यार्थीसुद्धा बाकीचे तारे आपले आपण शोधू शके.

आणि अबॅकस. ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून त्याने एक फळा करून घेतला. त्यावर सत्तावीस उभे रकाने आणि शिंगाच्या एक हजार सोंगट्या. सोंगट्यांवर नऊ चिन्हं. ती नऊ चिन्हं अरबांकडून आलेली, आणि अरबांकडे आपल्याकडून गेलेली. तेव्हाच्या युरोपात आकडे रोमन लिपीत लिहीत. त्यात गुणाकार करून पाहा म्हणजे या फळ्याचं मोल कळेल. झेर्बेरच्या फळ्यावर एकं, दहं, शतं अशी घरं आहेत. ७ ची सोंगटी एकंच्या घरात सात, शतंच्या घरात सातशे. शून्याची सोंगटी लागत नाही, घर रिकामं ठेवलं की झालं.

या शिकवण्याचा बोलबाला इतका झाला की माग्देबुर्गच्या ओट्रिक नावाच्या नामवंत शिक्षकाने रँसला आपला माणूस पाठवला. झेर्बेर शास्त्रांची विभागणी कशी करतो ते टिपून आण, हे त्याचं काम. त्याने ते चुकीचं टिपून नेलं आणि त्यावरून वाद पेटला. ९८० च्या अखेरीस रावेन्ना इथे सम्राट दुसऱ्या ओट्टोसमोर दोघांची जाहीर चर्चा झाली. दिवस संपत आला तरी ती संपेना, तेव्हा सम्राटानेच ती थांबवली. त्यानंतर थोड्याच काळात सम्राटाने झेर्बेरला इटलीतल्या बॉबियो मठाचं मठाधिपतीपद दिलं.

त्याच्या आयुष्याचा जो आकृतिबंध मला दिसतो तो इथून सुरू होतो. प्रत्येक पायरी त्याला शिकवण्याने मिळवून दिली, आणि ती देणारा माणूस मरताच प्रत्येक पायरी हलली.

बॉबियो हा कोलुम्बानस या आयरिश संताने ६१४ च्या सुमारास स्थापलेला मठ. ग्रंथसंग्रह मोठा, पण जमिनी आधीच्या लोकांनी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांनी आसपासच्या सरदारांना देऊन टाकलेल्या. कोठारं रिकामी, थैलीत पैसा नाही, असं झेर्बेरने सम्राटाला कळवलं. पट्टे रद्द करू गेला तेव्हा सम्राटाच्या आईपासून पाव्हियाच्या बिशपपर्यंत सगळे दुखावले. ९८३ च्या डिसेंबरात दुसरा ओट्टो तरुणपणीच वारला. वारस तीन वर्षांचा. झेर्बेर बॉबियो सोडून रँसला परतला. कागदोपत्री मठाधिपतीपद मात्र त्याने सोडलं नाही.

पुढची पाच वर्षं तो आदाल्बेरोंचा चिटणीस. तीन वर्षांच्या तिसऱ्या ओट्टोचा हक्क टिकवण्यासाठी या दोघांनी पत्रांचा मारा केला. ९८७ मध्ये ह्यू कापे फ्रान्सचा राजा झाला त्यातही दोघांचा हात होता. ९८९ च्या जानेवारीत आदाल्बेरों गेला. आपल्यामागे आसन झेर्बेरला मिळावं ही आदाल्बेरोंची इच्छा होती, असं झेर्बेर सांगतो. राजाने नेमला आर्नुल्फ, जुन्या राजघराण्यातला अनौरस मुलगा. त्या घराण्यात फूट पाडण्यासाठी. आर्नुल्फने काही महिन्यांत शहराचे दरवाजे रात्री उघडवून ते आपल्या काकाच्या हाती दिलं. ९९१ च्या जूनमध्ये व्हेर्झीच्या सेंट बाल मठात बिशपांची सभा भरली, आर्नुल्फला काढलं आणि झेर्बेर आर्चबिशप झाला.

पण रोमला न विचारता आर्चबिशप काढता येतो का, या प्रश्नावर पोप पंधराव्या जॉनने ही नेमणूक मानली नाही. रँसमधले लोक त्याच्या पंगतीला बसेनात, त्याच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येईनात. ९९६ मध्ये ह्यू कापेही गेला. ९९७ मध्ये झेर्बेर आता तरुण झालेल्या तिसऱ्या ओट्टोकडे निघून गेला. त्या मुलाने पत्र लिहून बोलावलंच होतं: माझं सॅक्सन रांगडेपण घालवा, अंकगणिताचा ग्रंथ शिकवा. ९९८ मध्ये रावेन्नाचं आर्चबिशपपद, आणि पुढच्या वर्षी पोप पाचवा ग्रेगरी वारल्यावर रोमची गादी.

पोपपदाच्या चार वर्षांबद्दल प्रतिसादांत बोलू, नाहीतर धागा फार लांबेल. प्रश्न जरूर विचारा.

कोरीव

उत्तम लेख. मला एक गोष्ट कळली नाही. बेनेडिक्टाइन साधू एकाच मठात आयुष्य काढण्याचं व्रत घेतात ना? मग हा ओरियाकहून विक, रोम, रँस, बॉबियो असा फिरला कसा? हे व्रतभंगात मोडत नाही का?

उत्तररात्र

@कोरीव, प्रश्न अगदी मर्मावर आहे. एका मठाशी बांधून राहणं, आज्ञापालन आणि मठाच्या रीतीचं जीवन, ही तीन वचनं साधू देतो. स्वतःच्या मर्जीने भटकणाऱ्या साधूंवर बेनेडिक्टने नियमावलीच्या पहिल्याच प्रकरणात कडक टीका केली आहे. पण मठाधिपतीने पाठवलं तर जाणं हेच आज्ञापालन. झेर्बेरला काउंटबरोबर पाठवलं ते त्याच्या मठाधिपतींनी, म्हणून सुरुवात तरी निर्दोष होती. पुढे पोप, सम्राट, आर्चबिशप असे वरचे लोक त्याला बोलावत गेले. ओरियाकशी नातं त्याने आपल्या बाजूने तुटू दिलं नाही. तिथल्या मठाधिपतींना लिहिताना तो आपण अजून त्यांचाच आहोत असं लिहितो. रेमों पुढे स्वतः मठाधिपती झाला तेव्हाही पत्रं चालू होती.

नाणेघाटी

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातली लेणी आहेत हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. राणी नागनिकेच्या तिथल्या शिलालेखात यज्ञांमध्ये दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडे ब्राह्मी चिन्हांत कोरलेले आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्यांवर मोलाचं काम केलं. लेख साधारण इ. स. पूर्व पहिल्या शतकातला मानतात. झेर्बेरच्या सोंगट्यांवरच्या नऊ चिन्हांची वंशावळ मागे मागे नेली तर ती याच ब्राह्मी अंकांपाशी पोचते. घाट चढून गेल्यावर त्या भिंतीसमोर उभं राहून कोणी हे सांगितलं तर किती बरं होईल, असं मला नेहमी वाटतं. तिथे लेखाची साधी ओळख करून देणारा नीट फलक तरी असावा.

गणिताची_ताई

@नाणेघाटी, वंशावळ बरोबर आहे, एक भेद मात्र सांगायलाच हवा. नाणेघाटात शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. म्हणजे चिन्हाची किंमत जागेवरून ठरत नाही. नऊ चिन्हं आणि जागेनुसार किंमत ही पद्धत त्यानंतर काही शतकांनी आपल्याकडे घडली आणि मग पश्चिमेला गेली. सिरियातला सेव्हेरस सेबोख्त नावाचा बिशप ६६२ मध्येच हिंदूंच्या नऊ चिन्हांनी चालणाऱ्या गणनेची तारीफ करतो.

आणि झेर्बेरच्या अगदी काळातला पुरावा हवा असेल तर स्पेनच्या रिओखा भागातल्या आल्बेल्दा मठाची ९७६ ची पोथी. व्हिगिला नावाच्या साधूने ती लिहिली. तिच्यात ही नऊ चिन्हं आहेत, आणि वर असा मजकूर की भारतीयांची बुद्धी फार सूक्ष्म आहे, अंकगणित आणि भूमितीत इतर सगळे लोक त्यांच्या मागे आहेत, आणि याचा दाखला म्हणजे ही नऊ चिन्हं. युरोपात टिकून राहिलेली या चिन्हांची ही सर्वांत जुनी लेखी नोंद मानली जाते. साधूंच्या मठातली!

झेर्बेरच्या फळ्यावर शून्य नव्हतं हे उत्तररात्र यांनी सांगितलंच आहे. त्यामुळे कागदावर आकडे मांडून करायचं गणित त्याने युरोपला दिलं असं म्हणता येणार नाही. ते बाराव्या शतकातल्या भाषांतरांनी आणि १२०२ मध्ये पिसाच्या लिओनार्दोने दिलं. झेर्बेरने घरांची सवय लावली. शाळेत मी हे पाहते. मुलांना एकं-दहंची घरं हाताने भरायला दिली की हातचा का घ्यायचा ते समजावून सांगावं लागत नाही.

समुद्रफेस

लेख आवडला, पण झेर्बेरला तुम्ही जरा सांभाळून घेतलंय असं वाटलं. ९८९ मध्ये आर्नुल्फने रँस काकाला दिलं तेव्हा झेर्बेर शहरातच होता. तो काही महिने आर्नुल्फ आणि त्याच्या काकासाठीच पत्रं लिहीत होता. वारं फिरल्यावर ह्यू कापेकडे गेला आणि दोन वर्षांत त्याच आर्नुल्फच्या आसनावर बसला. सेंट बालच्या सभेत रोमच्या पोपांविरुद्ध अतिशय कठोर भाषण झालं. ते ऑर्लेआंच्या बिशपच्या तोंडी असलं तरी वृत्तान्त लिहिला झेर्बेरने. आणि आठ वर्षांनी हाच माणूस पोप! विद्वत्ता मला मान्य आहे. पण ही चढण निव्वळ शिकवण्याने झाली असं म्हणणं अर्धं चित्र आहे.

उत्तररात्र

@समुद्रफेस, तुम्ही दिलेले सगळे तपशील खरे आहेत आणि ते इथे यायलाच हवे होते. माझं मत तरी वेगळं आहे, आणि ते का ते सांगते.

घराणं असलेल्या माणसाला पक्ष बदलणं परवडतं किंवा न बदलणंही परवडतं. ह्यू कापेचे सरदार हरले तर आपापल्या गढीत जाऊन बसत. झेर्बेरला जायला गढी नव्हती. बॉबियोत परत जावं तर तिथे शत्रू, रँसमध्ये आश्रयदाता मेलेला. पडलेल्या शहरात राहून नव्या मालकाची पत्रं लिहिणं हे त्याने केलं, आणि मग आर्नुल्फला लेखी कळवून त्याची साथ सोडली. त्या काळातली त्याची पत्रं अस्वस्थ आहेत. मित्रांना तो लिहितो की हे आपल्याला पेलत नाही.

पण तुमच्या आक्षेपाचं खरं उत्तर मला ९९९ मध्ये सापडतं. पोप झाल्यावर त्याच्यासमोर रँसचं प्रकरण परत आलं. आर्नुल्फ अजून जिवंत, कैदेतून सुटलेला. झेर्बेरच्या हातात आता सगळी सत्ता. त्याने आर्नुल्फला पत्र पाठवून रँसचं आर्चबिशपपद, अंगठी आणि दंडासह, कायम केलं. कारण हे दिलं की त्याला काढताना रोमची संमती घेतलेली नव्हती. म्हणजे सेंट बालमध्ये स्वतः ज्या बाजूने लढला होता, तीच बाजू त्याने पोप म्हणून सोडली. राजकारणाची सोय यात होतीच. पण ज्या माणसापायी आपली अनेक वर्षं गेली त्याला त्याच आसनावर पुन्हा बसवणं सोपं नसणार.

पोपपदाबद्दल आणखी थोडं. सिल्व्हेस्टर हे नाव त्याने सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातल्या पोपवरून घेतलं. म्हणजे तिसरा ओट्टो हा नवा कॉन्स्टंटाइन. गंमत पाहा, त्याच ओट्टोने १००१ मध्ये एका सनदेत स्पष्ट लिहिलं की कॉन्स्टंटाइनने पोपला सगळा पश्चिम दान दिल्याचा दस्तऐवज बनावट आहे, आणि मग स्वतःच्या मर्जीने आठ परगणे पोपला दिले. आपल्या गुरूला!

पूर्वेकडचं काम मला सगळ्यात टिकाऊ वाटतं. १००० मध्ये पोलंडच्या ग्निएझ्नो शहराला स्वतःचा आर्चबिशप मिळाला. हंगेरीच्या इस्तव्हानचा राज्याभिषेक १००० किंवा १००१ मध्ये झाला तो पोपच्या आशीर्वादाने, आणि एस्तरगोमला आर्चबिशपपद आलं. (बुडापेस्टला आज जो पवित्र मुकुट दाखवतात तो याच पोपने पाठवला अशी परंपरा आहे, पण तो मुकुट घडणीवरून नंतरचा आहे.) जर्मन बिशपांच्या हाताखाली न ठेवता या दोन्ही राज्यांना स्वतःची चर्चव्यवस्था मिळाली.

१००१ मध्ये रोमकर उठले, सम्राट आणि पोप दोघांनाही शहर सोडावं लागलं. १००२ च्या जानेवारीत ओट्टो एकविसाव्या वर्षी वारला. झेर्बेर रोमला परतला खरा, पण आता शहर तिथल्या सरदारांच्या मुठीत होतं. १२ मे १००३ रोजी तो गेला.

अक्षरवेल

त्याच्या पुस्तकवेडाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. झेर्बेरची दोनशेहून अधिक पत्रं टिकली आहेत आणि कित्येकांत तो कुणाकडे तरी ग्रंथ मागतो आहे. बार्सिलोनाच्या लोबेटकडे ताऱ्यांवरचा ग्रंथ, जिरोनाच्या बिशपकडे गुणाकार-भागाकारावरचा. तूरच्या एका मठाधिपतीला तो कळवतो की इटली, जर्मनी आणि लोरेनमध्ये मी नकलनविसांना पैसे देऊन ग्रंथ उतरवून घेतोय, तुमच्याकडचेही उतरवून द्या, चर्मपत्राचा आणि लिहिणाऱ्याचा खर्च मी देईन.

माझा आवडता प्रसंग त्रिएरजवळच्या रेमी नावाच्या साधूचा. त्याला झेर्बेरकडचा आकाशगोल हवा होता. झेर्बेर म्हणाला, स्टॅटियस कवीचं आकिलिसवरचं काव्य उतरवून पाठवा, मग गोल मिळेल. गोल करायला वेळ लागतो, लाकूड कातून घोड्याच्या कातड्याने मढवायचा, वर रंग द्यायचा, हे तो समजावून सांगतो. त्यांची ही देवघेव बराच काळ चालली होती. दोन्हीकडे कामाला हातच मोजके.

रिशेचंही सांगायला हवं. तो रँसच्याच सेंट रेमी मठातला साधू. ९९१ मध्ये हिप्पोक्रेटिसचं वैद्यक वाचण्यासाठी तो शार्त्रला गेला. वाटेत पाऊस, मोडका पूल, घोडा मेलेला. हे सगळं त्याने लिहून ठेवलंय. त्याच्या इतिहासाची स्वहस्ताक्षरातली एकमेव पोथी जर्मनीत बांबेर्गला राहिली आणि १८३३ मध्ये उजेडात आली. ती सापडली नसती तर या धाग्यातला रँसचा भाग लिहिताच आला नसता.

कोरीव

आणि ते सैतानाचं काय? तुम्हीच सुरुवातीला उल्लेख केलात.

उत्तररात्र

@कोरीव, त्या कथा त्याच्या मृत्यूनंतर काही पिढ्यांनी आल्या. अकराव्या शतकाच्या शेवटी पोप आणि सम्राट यांच्यात बिशप कोणी नेमायचे यावरून मोठा झगडा चालू होता. त्यात बेनो नावाच्या कार्डिनलने रोममध्ये जादूटोण्याची परंपरा चालत आल्याचा आरोप केला आणि तिचं मूळ झेर्बेरपाशी नेऊन ठेवलं. बाराव्या शतकात माम्जबरीच्या विल्यमने पितळी मुंडक्याची गोष्ट रंगवली. मुंडकं म्हणालं, जेरुसलेममध्ये मिसा म्हटल्याशिवाय तुला मरण नाही. झेर्बेर निश्चिंत झाला, आणि मग रोममधल्याच ‘जेरुसलेममधला पवित्र क्रूस’ या चर्चमध्ये मिसा म्हणताना त्याला मृत्यूने गाठलं. अरबांची विद्या शिकून आलेला, यंत्रं करणारा आणि घराण्याशिवाय वर गेलेला माणूस. लोकांना त्याच्या यशाचं कारण सापडेना तेव्हा त्यांनी सैतान आणला. मला हा अन्याय वाटतो. कारण समोर होतं, रँसच्या शाळेत.

दूरदेशी

गेली काही वर्षं फ्रान्समध्ये, क्लेरमाँ-फेराँला राहतो. ओरियाक इथून डोंगर ओलांडून गाडीने दोन-अडीच तासांवर. गावात झेर्बेरच्या नावाचा चौक आहे आणि तिथे त्याचा कांस्य पुतळा, दाविद दांजे या शिल्पकाराचा, १८५१ चा. जुन्या मठाचं फारसं काही राहिलेलं नाही, सेंट जेरो चर्चच्या परिसरात थोडे अवशेष दिसतात. गाव छत्र्यांच्या कारागिरीसाठी आणि ऑगस्टमधल्या पथनाट्य महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे. मी महोत्सवाला गेलो होतो. पुतळ्यासमोर एक गट नाटक करत होता आणि पायथ्याशी शाळेतली पोरं बसली होती. तो कोण हे त्यांना विचारलं. पोप, असं एकाने सांगितलं. अबॅकसचं कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वेळी गेलो तर हा धागा वाचून जाईन.

गणिताची_ताई

निघण्यापूर्वी एक गणित ठेवून जाते, सातवी-आठवीच्या मुलांना देण्याजोगं आहे. आडेलबोल्ड नावाच्या अभ्यासकाने (हा पुढे उट्रेख्टचा बिशप झाला) झेर्बेरला विचारलं की समभुज त्रिकोणाचं क्षेत्रफळ दोन नियमांनी दोन वेगळं का येतं?

बाजू ७ घ्या. भूमितीच्या नियमाने उंची ६ धरायची, कारण झेर्बेर सांगतो की बाजूतून तिचा सातवा भाग वजा केला की उंची मिळते. मग ७ × ६ चं अर्ध, म्हणजे २१. जुन्या अंकगणिती नियमाने १ पासून ७ पर्यंतच्या संख्यांची बेरीज, म्हणजे २८. कोणतं खरं? झेर्बेर उत्तर देताना आकृती काढायला लावतो. दुसरा नियम एकेक चौरसाच्या ओळी रचतो. तिरप्या बाजूंवर त्या चौरसांचे कोपरे त्रिकोणाबाहेर येतात, तरी नियम त्यांना पूर्ण चौरस म्हणून मोजतो. म्हणून तो जास्त भरतो आणि २१ बरोबर. ३० बाजूच्या त्रिकोणाचंही तेच: उंची २६ धरून ३९०, आणि बेरजेच्या नियमाने ४६५.

आजच्या सूत्राने ७ च्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ २१.२२ येतं आणि ३० च्या त्रिकोणाचं ३८९.७. वर्गमुळाला हात न लावता इतक्या जवळ!

उत्तररात्र

@गणिताची_ताई, हे पत्र इथे आणल्याबद्दल मनापासून आभार. त्यात एक गोष्ट मला फार भावते: चुकीचा नियम चुकीचा आहे एवढंच सांगून तो थांबत नाही. त्या नियमाने जास्तीचं क्षेत्र नेमकं कुठून आणलं ते बोट ठेवून दाखवतो. वर्गात हे करताना आलेख-कागदावर ७ सेंटिमीटरचा समभुज त्रिकोण काढून घ्या. तळाशी सात चौरसांची ओळ, तिच्यावर सहाची, मग पाचाची, प्रत्येक ओळ मधोमध. सातवी ओळ टोकाच्या वर निघून जाते हे मुलांना लगेच दिसतं, आणि बाहेर आलेले कोपरे रंगवून कापून काढले की जास्तीचे ७ कुठून आले त्याचा हिशेब त्यांचा त्यांना लागतो.